ह्यात आमचा ऊस हाय

आमच्या कॉलेजात तास चालू असताना पंखा बंद पडला, तर वीज गेली की काय हे कुणी बघत नाही. सगळे दाराकडे बघतात. दारात रंगनाथ तात्या उभे असतात. धोतर, नेहरू शर्ट, टोपी, आणि बोट अजून बटणावरच.

"घाम आलाय का कुनाला?" ते वर्गाला विचारतात.

आता पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोणता मुलगा हो म्हणणार?

"मंग कशाला गरगरा फिरिवता? ह्यात आमचा ऊस हाय." एवढं बोलून ते पुढच्या वर्गाकडे निघतात, तिथले पंखे बंद करायला.

मी तिथे अर्थशास्त्र शिकवते. माहेर भिंगारचं, सासर नगरचं, आणि नोकरी श्रीगोंदा तालुक्यात, त्यामुळे निम्मं आयुष्य एसटीत गेलं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गातला पंखा असा बंद झाला. मी मुळात शांत बाई नाही, त्यात एप्रिलचा उन्हाळा. मी दरडावून विचारलं, "कोण हो तुम्ही?"

"मालक," तात्या म्हणाले. "तुमी नव्या दिसता, बाई. चालू द्या."

मला कॉलेजात सगळे मॅडम म्हणतात. तात्या एकटेच बाई म्हणतात. प्राथमिक शाळेत बाई असतात तशी. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, नंतर सवय झाली.

कारखान्याच्या भागातल्या माणसाला हे मालकपण समजावून सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगते. फार पूर्वी इथे कॉलेज नव्हतं. बारावी झालेला मुलगा नगरला नाहीतर पुण्याला जायचा, आणि मुलगी घरी बसायची. मग साखर कारखान्याच्या सभासदांनी सभेत हात वर करून ठराव केला, की उसाच्या बिलातून टनामागे थोडी कपात करायची आणि त्यातून कॉलेजची इमारत बांधायची. पुढची कितीतरी वर्षं शेतकऱ्याच्या हातात बिल यायचं ते कपात होऊनच. इमारत उभी राहिली, मग सरकारचं अनुदान सुरू झालं, आमचे पगार सरकारातून यायला लागले, आणि फी अशी राहिली की शेतमजुराची मुलगीसुद्धा भरू शकेल. आमच्याकडे भिंती उसाच्या आहेत आणि माणसं सरकारची.

तात्यांना यातलं पहिलं अर्धंच मान्य होतं. त्यांना सगळी इमारत उसात दिसायची. नवीन प्राध्यापक आला की ते त्याला हाताला धरून फिरवायचे. "ह्यो पोर्च बगा. ह्यो आडसाली. दीड वर्साचा ऊस, म्हनून असा दांडगा झालाय. ती लायब्ररी त्याच्या फुडच्या सालची. आन त्या मुताऱ्या खोडव्याच्या." खोडवा म्हणजे एकदा तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, जरा हलका. "खोडव्याच्या हायेत म्हनून गळत्यात," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. आमच्या भूगोलाच्या सरांनी एकदा विचारलं, "तात्या, स्टाफरूम कुठल्या उसाची?" तात्यांनी आत वाकून पाहिलं. दुपारची वेळ होती, दोघेजण डोळे मिटून बसले होते. "हिला उसाचं वाडं वापरलं आसंल," ते म्हणाले. वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, तो आम्ही इकडे जनावरांना घालतो.

पंख्यांपेक्षाही मला त्यांच्या दुसऱ्या सवयीचा जाच होता. दुपारी मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी राहिले, की तात्या सायकल टेकवून शेजारी येणार आणि विचारणार, "आज काय शिकिवलं?"

"मागणी आणि पुरवठा."

"म्हंजी?"

मग मी सांगायची. सुरुवातीला तुटक, नंतर जरा नीट, कारण तात्या ऐकताना भुवया अशा आवळायचे की सोडून देववत नसे. "थोडक्यात सांगा," म्हणायचे, "ध्यानात ऱ्हायला पायजे." सांगून झालं की ते पुटपुटत सायकलला टांग मारायचे. एकदा वाऱ्यावर त्यांचं पुटपुटणं माझ्याकडे आलं. "माल कमी, गिऱ्हाईक जास्त, तर भाव वर. माल जास्त, गिऱ्हाईक कमी, तर बाईंची एसटी उशिरा." शेवटचं त्यांनी कुठून जोडलं, देव जाणे. त्या दिवशी एसटी खरोखरच उशिरा होती.

मी एकटीच त्यांच्या तावडीत होते असं नाही. ते रसायनवाल्यांना विचारायचे, इतिहासवाल्यांना विचारायचे. आमची खात्री होती, की म्हातारा हे सगळं संस्थेच्या संचालकांच्या कानावर घालतो. रसायनाचे सर तर त्यांना बघून मागच्या दाराने जायचे. मी म्हणायची, जाऊ द्या, कुणालातरी आपण काय शिकवलं ते ऐकावंसं वाटतं, हेच पुष्कळ आहे. वर्गातल्या शेवटच्या तीन बाकांना तेही वाटत नव्हतं.

आणि मग तात्यांनी उताराचं खूळ डोक्यात घेतलं.

आमचं कॉलेज काळ्या रानात बांधलंय. पावसाळ्यात सगळा चिखल होतो, म्हणून जोतं चांगलं उंच घेतलेलं. पोर्चमधून आत जायला दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. एका सकाळी तात्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले आणि म्हणाले, "पायऱ्यांच्या बाजूनं उतार बांधा. चाकाची खुर्ची चढंल आसा."

"कोणासाठी?" प्राचार्यांनी विचारलं.

"मालकांसाठी."

मी तेव्हा रजेचा अर्ज घेऊन केबिनमध्येच उभी होते. मला हसू आवरेना. कारण तात्या त्याच पायऱ्या एक सोडून एक चढतात. आमचे पहिल्या वर्षाचे मुलगे धापा टाकतात आणि हा माणूस वर पोचून पंखा बंद करतो.

प्राचार्य फार सज्जन माणूस. कुणालाही नाही म्हणताना त्यांना त्रास होतो, म्हणून ते नाही म्हणत नाहीत, "त्याला हेड नाही" म्हणतात. सरकारी हिशेबात प्रत्येक पैशाला एक हेड असतं, म्हणजे पैसा कोणत्या कामासाठी आला त्याचं नाव. त्याच कामावर तो खर्च करायचा. "तात्या, सरकारकडून येतं ते पगाराचं हेड. त्यातून उतार बांधला तर मी घरी जाईन."

"मंग पोरांची फी?"

"त्यात प्रयोगशाळेचं सामान येत नाही, उतार कुठला येतोय?"

"मंग संस्था?"

"संस्थेला विचारा. पण एक अडचण आहे. आपल्याकडे उतार आहे."

ही अडचण खरी होती. मागे तपासणीची समिती येणार होती, तेव्हा घाईघाईनं मागच्या बाजूला एक उतार बांधला होता. तो सरळ अडगळीच्या खोलीत जातो. समितीनं फोटो काढला, कागदावर टिक केली, आणि चहा घेऊन गेली. त्या उतारावरून आजवर फक्त मोडकी बाकडी वर गेलीत.

तात्या मागे जाऊन तो उतार पाहून आले. "बाकड्यांची सोय झाली," म्हणाले. "आता मान्सांची करा."

मग त्यांचं हिंडणं सुरू झालं. ते संस्थेत गेले. संस्था म्हणाली, यंदा मुलींच्या वसतिगृहाचं काम काढलंय, आणि उतार तर आहेच. ते एका सरकारी ऑफिसात गेले. तिथे सांगितलं, आम्ही शिकवणाऱ्यांचे पैसे देतो, बांधकाम संस्थेनं बघायचं. पुढाऱ्याकडे गेले. पुढारी म्हणाले, करू की, कोनशिला कुठे बसवायची? तात्यांनी उतार किती लांब आणि कोनशिला किती उंच ते विचारलं, आणि तिथून उठून आले. दर वेळी फाट्यावर मला येऊन सांगायचे. "बाई, तुमी अर्थशास्त्राच्या. मला सांगा, कॉलेजचा खर्च कोन करतं? ज्याला इचारावं त्यो दुसऱ्याकडं बोट दावतो."

"पुढच्या महिन्यात मी तेच शिकवणार आहे," मी सहज बोलून गेले. "सार्वजनिक वित्त. उच्च शिक्षणाचा खर्च कोण करतं, हाच धडा आहे."

तात्या एकदम उभे राहिले. "ह्योच धडा? पुस्तकात हाय?"

"आहे की."

"त्यो घ्यायचा न्हाई."

"काय?"

"उतार हुईपत्तोर घ्यायचा न्हाई. बाकीचं काय शिकवायचं ते शिकवा. त्यो धडा मागं ठेवा."

आता मात्र माझं डोकं सणकलं. पंखे बंद करा, मुताऱ्यांना नावं ठेवा, पण मी कोणता धडा कधी शिकवायचा हे सांगणारे तुम्ही कोण? मी हे सगळं त्यांना तोंडावर बोलले. एसटी येऊन उभी राहिली तरी बोलत होते. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, चढता का भांडता?" तात्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा टोपी घातली, आणि म्हणाले, "बाई, एवढं ऐका माजं."

त्यांच्या तोंडून विनवणी मी पहिल्यांदाच ऐकली. एसटीत बसल्यावर मी स्वतःवरच चिडले, कारण मी मनात आधीच ठरवून टाकलं होतं, की बँकिंग आधी घ्यायचं.

तोवर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. उसाच्या ट्रॉल्या भरून कारखान्याकडे जायला लागल्या, रिकाम्या होऊन कॉलेजवरून परत यायला लागल्या. आणि एके दिवशी गेटसमोर एक रिकामी ट्रॉली थांबली. ड्रायव्हरनं दोन पाट्या मुरूम ओतला आणि निघून गेला. मागून दुसरी आली, तिनं दगड टाकले. तिसऱ्यानं वाळूची गोणी ठेवली. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून बघत राहिलो. वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते, तिथे तासन्‌तास नंबर येत नाही, आणि तिथे तात्या सकाळपासून बसलेले असायचे. प्रत्येक ड्रायव्हरला, प्रत्येक ऊसवाल्याला ते एकच सांगत होते. "तवा टनामागं दिलं, आता खेपंमागं द्या. पैसा नको. जाता जाता पाटीभर काय आसंल ते टाका."

दोन दिवसांत फाटकासमोर ढीग झाला. प्राचार्य त्याच्याभोवती फिरत होते. "हे कोणत्या हेडखाली दाखवू?" ते मला विचारत होते. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. संस्थेला फोन करून त्यांनी सांगितलं, की एक जुना उतार दुरुस्त करायचाय, खर्च काही नाही. कुणाला पूर्ण खरं न सांगण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असेल. फोन ठेवल्यावर ते घामाघूम झाले होते, आणि तात्या नेमके तिथेच पंख्याच्या बटणाशी उभे होते.

नाताळला मी रजा टाकून भिंगारला गेले. परत आले तर पायऱ्यांची एक बाजू गायब. तिथे पोर्चपासून थेट फाटकापर्यंत एक लांबलचक, ऐसपैस उतार पसरलेला, आणि प्राचार्यांनी जीव लावून वाढवलेली गुलाबं त्याच्या पोटात गेलेली. तात्यांनी काम दिलं होतं गुलाब मिस्त्रींना. गुलाब मिस्त्रींचा जन्म कारखान्याच्या यार्डात उसाच्या ट्रॉल्या चढायचे उतार बांधण्यात गेला. त्यांना दुसरा उतार येतच नाही. चाकं घसरू नयेत म्हणून त्यांनी त्यावर खाचासुद्धा पाडल्या होत्या, टायरच्या मापाच्या.

"मिस्त्री," प्राचार्य रडवेल्या आवाजात म्हणाले, "यावरून भरलेली ट्रॉली जाईल."

"जाईल ना साहेब," मिस्त्री खूश होऊन म्हणाले. "दोन जातील, जोडून."

सगळा स्टाफ पोट धरून हसत होता. तात्या मात्र उतारावर हळूहळू चालत होते, खाली वाकून खाचा बोटांनी चाचपत होते. कुठे जास्त खोल आहे का, कुठे चाक अडेल का, ते बघत होते. मग माझ्याकडे आले.

"बाई, आता त्यो धडा घ्या. उद्या घ्याल?"

दुसऱ्या दिवशी तासाला जायला निघाले, तर पोर्चमध्ये निम्मं कॉलेज उभं. फाटकाशी एक ट्रॅक्टर थांबला होता. ट्रॉलीतून दोघांनी चाकाची खुर्ची खाली ठेवली होती आणि खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर. तात्या बाजूला उभे. "आमच्या घरची मान्सं," त्यांनी बायकोची ओळख करून दिली, आणि धोतराचा सोगा उगीच नीट केला.

त्यांचं नाव यमुनाबाई. काही वर्षांपूर्वी गोठ्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या खुर्चीत. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं, की भूगोलाचे सर खुर्ची ढकलायला पुढे धावले आणि यमुनाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "न्हाई बाबा. मी जाती." आणि त्यांनी दोन्ही हातांनी चाकं फिरवायला सुरुवात केली. सावकाश. मधे थांबायच्या, दम घ्यायच्या. तात्या मागून चालत होते. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले, सुटले तर ढकलतील म्हणून. वर पोचल्यावर यमुनाकाकूंनी पोर्चच्या खांबाला हात लावला.

"ह्यो आडसाली ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय," तात्या म्हणाले.

वर्गात खुर्ची पहिल्या बाकाशेजारी लागली. तात्या मागे जाऊन बसले, शेवटच्या तीन बाकांवरच्या मुलांमध्ये. मी खडू घेतला आणि मला कळेना, सुरुवात कुठून करू. शेवटी पुस्तकात आहे तसंच केलं. उच्च शिक्षणाचा खर्च कोण करतं? फळ्यावर लिहिलं, सरकार. म्हणजे कर, म्हणजे काडेपेटी घेणारा प्रत्येक माणूस. त्याखाली लिहिलं, फी. त्याखाली देणग्या. समजावून सांगितलं. काकू ऐकताना भुवया आवळत होत्या. ती सवय कुणाची कुणाला लागली, कोण जाणे.

"कुणाला काही शंका?" मी नेहमीसारखं विचारलं. नेहमी कुणाला नसते.

काकूंनी हात वर केला. "बाई, पुस्तकात आमी कुटं हाओत?"

"म्हणजे?"

"ह्ये रोज घरी येऊन सांगत्यात तुमी काय शिकिवता ते. मला जाता येत न्हाई, म्हनून मीच त्येन्ला धाडती. बगून या, ऐकून या. निम्मं चुकीचं सांगत्यात, पन सांगत्यात." वर्गात हसू पसरलं. "मंग म्हनले, बाईंच्या पुस्तकात कॉलेजचा खर्च कोन करतं त्यो धडा हाय. म्हनलं, त्यो मला माज्या कानानं ऐकायचाय. त्यात आपला ऊस हाय का बगायचाय. कारन त्या सभेत मी हात वर केल्ता. शेअर माज्या नावावर हाय."

मी मागे बघितलं. तात्या छताकडे बघत होते.

"आन ह्ये," काकू खुर्चीतच अर्ध्या वळल्या, "ह्ये भर सभेत उठून म्हनले हुते, कपात नको. पोरं शिकली तर उसाला पानी कोन देनार? माजा हात खाली वडत हुते. मी न्हाई खाली घेतला."

वर्ग असा हसला, की शेजारच्या वर्गातले सर दारात आले. एवढी वर्षं ज्याच्या जिवावर आमचे पंखे बंद होत होते, तो ऊस काकूंचा निघाला, आणि हा माणूस ठरावाच्या विरोधात. मुलं वळून वळून तात्यांकडे बघत होती. ते उठून उभे राहिले, वर्गात उठतात तसे.

"खरं हाय," म्हणाले. "तवा मला कळलं न्हाई. आमच्या घरी तिला कळतं आदी. मला मागनं."

मी विचारलं, "तात्या, आधी का नाही बोललात? आमच्या चार मुलांनी खुर्ची उचलून आणली असती."

"ती म्हनली, उचलून न्हाई जायाची. आपल्याच कॉलेजात पावनीसारकं कशाला जायाचं?" म्हणत तात्या पुन्हा खाली बसले.

मी फळ्याकडे तोंड केलं. सरकार, फी, देणग्या, तिन्ही नीट एकाखाली एक होती. त्याखाली मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ऊस. आणि मुलांना म्हटलं, हे उतरवून घ्या, पुस्तकात नाही. यमुनाकाकूंनी तो शब्द बराच वेळ वाचला. मग पदराने मानेवरचा घाम टिपला. उतार लांब होता आणि चाकं त्यांनी एकट्यांनी फिरवली होती.

मागे बाक सरकल्याचा आवाज आला. तात्या उठले, भिंतीकडे गेले, आणि काकूंच्या डोक्यावरचा पंखा लावला.